उत्तरायण सोडून तंजावर: बडोद्याच्या सुनेच्या माहेरी पाच दिवस

मांजलपूरची_मावशी | २३ जानेवारी, रात्री १०.१५

बडोद्याचा माणूस १४ जानेवारीला गाव सोडत नाही. सोडलाच तर शेजारी विचारतात, कुणी आजारी आहे का. आम्ही सोडलं. १६ला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आणि आजवरचा एकही वाढदिवस मला धड आठवत नाही. १४ला उत्तरायण, १५ला वासी उत्तरायण, १६ला हे मांजाने कापलेल्या बोटांना पट्ट्या लावून झोपलेले आणि मी उरलेलं उंधियू संपवत बसलेली. म्हणून दिवाळीतच सांगून टाकलं, यंदा गाव माझ्या पसंतीचं.

ह्यांच्या मनात पाँडिचेरी होतं, समुद्र वगैरे. मी म्हटलं तंजावर.

"तिथे काय आहे?"

"माहेर आहे."

"कुणाचं?"

तर कुणाचं ते सांगते. माझी आजी रावपुऱ्यातली. राजवाड्यातल्या समारंभांच्या गोष्टी सांगताना "मग तंजोर नाचल्या" असं म्हणायची. तंजोर म्हणजे नाचणाऱ्या बायका अशीच माझी कितीतरी वर्षं समजूत होती. ते गाव आहे हे शाळेत कळलं. सयाजीराव महाराजांचं पहिलं लग्न १८८० साली झालं, तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी. सासरी त्या चिमणाबाई झाल्या. लग्नाबरोबर तिकडून नाचणाऱ्या, त्यांचे गुरू, वादक असा ताफाच बडोद्याला आला. आणि पाच वर्षांत, १८८५ला, बाई क्षयाने गेल्या. आपण जन्मभर "टॉवरखाली भेटू" म्हणत ज्याच्याखाली उभे राहिलो तो रावपुऱ्याचा टॉवर त्यांच्या आठवणीसाठी १८९६ साली बांधलेला आहे. इतकी वर्षं त्याखाली पाणीपुरी खाल्ली, एकदा त्यांच्या गावी जाऊन यावं असं वाटत होतं.

नवजीवन एक्सप्रेसने दोन रात्री, मधला दिवस चेन्नईत, मग एग्मोरहून उळवन एक्सप्रेसने तिसरी रात्र. (उळवन म्हणजे शेतकरी, डब्यातल्या एका आजोबांनी सांगितलं.) १४ला चेन्नईत भोगी होती. आपलाच शब्द, पण तिकडे भोगीला घरातल्या जुन्या वस्तू जाळतात, त्यामुळे सकाळभर धूर. हे स्टेशनबाहेर मान वर करून उभे. एक पतंग नाही. "कोरं आहे आकाश," असं म्हणाले आणि दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

१५ला पहाटे तंजावर. पोंगलचा दिवस. दारोदार ओल्या अंगणात कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, उंबऱ्याशी ऊस टेकवलेले, बाजारात पानांसकट ओली हळद. भात उतू गेला की घराघरातून ओरडा ऐकू येतो, "पोंगलो पोंगल!" इकडे पतंग कापला की "लपेट" ओरडतात तसा. हे जरा सावरले.

हॉटेलबद्दल थोडक्यात. जुना वाडा म्हणून आगाऊ पैसे भरले होते. वाडा होता, पण फोटोत. आमची खोली मागच्या नव्या इमारतीत, दोन पलंग दोन भिंतींना, आणि दोन्ही फरशीला स्क्रूने पक्के केलेले. पंचविसाव्या वाढदिवसाला. पुढे जाऊ.

मोठं देऊळ, म्हणजे बृहदीश्वर. राजराजा चोळाने बांधून १०१० साली पुरं केलं, सगळं ग्रॅनाइट, विमान (गाभाऱ्यावरचं शिखर) सुमारे दोनशे फूट. हे वाचून गेलो होतोच. पण मी सांगणार आहे ते नंदीबद्दल. १६ला माट्टू पोंगल, म्हणजे तिकडचा पोळा म्हणा. एकाच दगडातला तो अवाढव्य नंदी त्या दिवशी भाज्या, फळं आणि मिठाईने मढवतात. वांग्यांच्या माळा, गाजरं, भोपळे, मुळे, दुधी, काकड्या, संत्री, मध्ये लाडू आणि जिलब्या. गळ्यात हिरव्या मिरच्यांची एक ओळ होती. हे म्हणाले, "अख्खं खंडेराव मार्केट अंगावर घेऊन बसलाय." खाली मांडवात गाईंची पूजा चाललेली. त्या गर्दीत, चेंगरत, घामाघूम, आमचा वाढदिवस साजरा झाला. ह्यांनी माझा हात धरला होता, पण तो मी हरवेन म्हणून.

दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर पुन्हा गेलो. नैऋत्येच्या बाजूला ओवरीच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे, तंजावरला राज्य केलेल्या भोसले घराण्याची बखर दगडात कोरलेली. फोटो पाहिले होते, तरी समोर उभं राहिल्यावर घशात काहीतरी झालं. दोन दिवस दुकानाची पाटी वाचता येत नव्हती, बसवर लिहिलेलं कळत नव्हतं, संडासावर बायकांचं चित्र आहे का शोधत होते. आणि इथे भिंतभर मराठी. काही ठिकाणी झिजलंय, काही शब्द लागत नाहीत, पण "राजे" लागला, मग पुढचे मागचे लागायला लागले. मी मोठ्याने वाचत होते हे मला कळलंच नाही. शेजारी परकर घातलेली दहा-बारा वर्षांची मुलगी उभी राहिली. "आंटी, यू कॅन रीड?" हो म्हटलं. तिने पळत जाऊन आईला आणलं, आईने तिच्या आईला. मग त्या तिघींनी बोट दाखवायचं आणि मी वाचायचं असं अर्धा तास चाललं. अर्थ विचारला की मी इंग्रजीत काहीतरी जुळवायचे, मुलगी आजीला तमिळमध्ये सांगायची. आजीने शेवटी जे विचारलं ते असं, की हे तुमचं गाव आहे का मग?

मी काय सांगणार. आमच्या गावाच्या राणीचं आहे म्हटलं. ते मुलीला कळलं नाही, आजीला कळलं. तिने पिशवीतून ऊस काढून दिला.

बाकीचं उद्या. फोटो चढत नाहीयेत, मुलगा आल्यावर टाकते.

दांडिया_बाजार | २३ जानेवारी, रात्री १०.४०

पहिला! मावशी, नंदीचा फोटो पाहिजेच. एक शंका, चिमणाबाई म्हणजे त्या महिला परिषदेच्या अध्यक्षा ना? त्या तर खूप वर्षं जगल्या. पडदा सोडून महाराजांबरोबर परदेशात वगैरे फिरल्या.

कारेलीबागवाला | २३ जानेवारी, रात्री ११.०५

अहो त्या दुसऱ्या. देवासच्या घाटग्यांच्या, माहेरचं नाव गजराबाई. पहिल्या राणीसाहेब गेल्यावर महाराजांनी १८८५ मध्येच दुसरं लग्न केलं आणि नाव तेच ठेवलं, चिमणाबाई. १९२७च्या महिला परिषदेच्या अध्यक्षा त्या. नाव एकच असल्याने पहिल्या बाई दुसऱ्यांच्या सावलीत गेल्या. टॉवर पहिलीचा, हे मलाही धाग्यावरच कळलं, आणि माझं दुकान टॉवरपासून दोनशे पावलांवर आहे.

शंकासूर | २४ जानेवारी, सकाळी ७.१२

सावलीवरून आठवलं. त्या देवळाच्या कळसाची सावली जमिनीवर पडत नाही ना? व्हॉट्सॲपवर दर महिन्याला येतं. चोळांचं स्थापत्य, नासा थक्क वगैरे.

मांजलपूरची_मावशी | २४ जानेवारी, सकाळी ८.३०

पडते हो. आम्ही तिच्यात बसून इडली खाल्ली. दुपारी साडेबाराला गाभारा बंद होतो तो चारला उघडतो. तोवर दगड असा तापतो की अनवाणी चालणं म्हणजे तव्यावर पोळी. आत चपला नाहीतच, त्यामुळे सगळं पब्लिक सावली सरकेल तसं सरकत होतं. नासाला बोलवायची गरज नाही, एक जोडी मोजे न्या.

नुपूर७७ | २४ जानेवारी, दुपारी २.२०

मावशी, तुमच्या आजीचं "तंजोर नाचल्या" वाचून अंगावर काटा आला. मी युनिव्हर्सिटीत भरतनाट्यम शिकले, आमच्या सरांच्या तोंडी हाच शब्द असायचा. थोडं लांबतंय, पण लिहितेच.

चिमणाबाईंबरोबर आलेल्यांपैकी गौरा आणि कांतिमती ही दोन नावं बडोद्यात टिकली. दरबारच्या कलावंत कारखान्यात, म्हणजे कलाकारांच्या खात्यात, त्यांची नेमणूक होती. तेव्हा भरतनाट्यम हा शब्द रूढ नव्हता, बडोद्याच्या लोकांनी गावाचंच नाव नाचाला आणि नाचणारीला देऊन टाकलं. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे इथेच शिकवत. आडनाव बघा, बडोद्याचं आणि तंजावरचं एकत्र. १९५०च्या सुमारास विद्यापीठात नृत्याची पदवी सुरू झाली, तसं करणारं हे देशातलं पहिलं विद्यापीठ. ते काही आभाळातून पडलं नाही. सत्तर वर्षं आधी एक नवरी हुंड्यात नाच घेऊन आली होती.

आता तुम्ही देवळात जे पाहिलं नसेल ते. विमानाच्या आत, गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर फिरता येईल अशी वाट आहे. तिथे भिंतीवर नाट्यशास्त्रातली करणं, म्हणजे नाचातल्या ठरावीक हालचाली, कोरली आहेत, शिव स्वतः करून दाखवतोय अशी. एकूण १०८ पैकी ८१ पुरी झाली आहेत. उरलेल्या २७ जागांना दगड बसवलेले आहेत, घासून तयार आहेत, आणि कोरे आहेत. का थांबलं ते कोणी सांगू शकत नाही. सर्वसामान्यांना वर सोडत नाहीत. मी फोटोतच पाहिलं आहे, पण त्या कोऱ्या दगडांकडे मी ८१ मूर्तींपेक्षा जास्त वेळ बघत बसले होते.

आणि एक. त्याच देवळाच्या भिंतीवर राजराजाने आणलेल्या चारशे नाचणाऱ्यांची यादी कोरलेली आहे. प्रत्येकीचं नाव, कुठल्या देवळातून आली, कुठल्या गल्लीत कितवं घर दिलं. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम (धान्याचं जुनं माप) भात. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायकांचे पत्ते दगडात आहेत. बडोद्याला आलेल्या ताफ्यातल्या सगळ्यांची नावं शोधायला बसले होते मी एकदा. जाऊ दे.

कारेलीबागवाला | २४ जानेवारी, दुपारी २.५५

नुपूर, जाऊ दे काय, वेगळा धागा काढा.

शंकासूर | २४ जानेवारी, दुपारी ३.१०

+१. आणि "हुंड्यात नाच" या शब्दाला हरकत. माणसं आली होती हुंड्यात.

नुपूर७७ | २४ जानेवारी, दुपारी ३.३०

मान्य. माझंच चुकलं.

मोडीवाचक | २४ जानेवारी, संध्याकाळी ६.४५

मावशींनी वाचलेला लेख १८०३चा. दुसऱ्या सरफोजीराजांनी बाबूराव चिटणिसांकडून घराण्याचा इतिहास लिहून घेतला आणि भिंतीवर कोरवला. देवनागरीत आहे म्हणून तुम्हाला वाचता आला, मोडीत असता तर त्या आजीसमोर पंचाईत झाली असती.

सरफोजी हा माणूस लक्षात घेण्यासारखा आहे. दत्तक आलेले. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याने वाढवलं, शिकवलं. १७९८ला गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तहात राज्यकारभार कंपनीकडे गेला. हाती राहिला किल्ला आणि वेळ. त्या वेळाचं त्यांनी सरस्वती महाल हे ग्रंथालय केलं. मूळ संग्रह मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांचा, पण त्यात भर घातली यांनी. १८२०ला काशीयात्रेला गेले तेव्हाही पोथ्या जमवत आले. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी ताडपत्रं आणि कागद, मोडी बासनांचे तर ढीग. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी आहेत, प्रत्येक रोग्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र काढून. स्वतः मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' लिहिलं, ज्यात एक कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई, जगाचा भूगोल सांगते. १८३२ला गेले. मुलाला मुलगा नव्हता, १८५५ला तंजावर खालसा.

म्हणजे चिमणाबाईंच्या लग्नाच्या वेळी तंजावरला राजा उरला नव्हता, फक्त राजघराणं आणि रीतिरिवाज होते. अवांतर: बडोद्याचं पोथ्यांचं प्राच्यविद्या मंदिर आणि सरस्वती महाल हे दोन्ही पाहिलेला माणूस मला आजवर तिसरा भेटला नाही. पहिला मी. दुसरे माझे गुरुजी, ते आता नाहीत. मावशी, तुम्ही आत गेलात की नाही?

मांजलपूरची_मावशी | २४ जानेवारी, रात्री ९.५०

गेले. म्हणजे तिसरी मी, लिहून ठेवा! पोंगलच्या सरकारी सुट्ट्या सलग असतात, हे आधी बघितलं नव्हतं. चूक आमचीच. म्हणून परतीचं तिकीट एका दिवसाने पुढे नेलं आणि शेवटच्या दिवशी संग्रहालयाचा भाग पाहिला. डोळ्यांची चित्रं काचेत आहेत. एका चित्रापाशी हे बराच वेळ उभे होते, ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे.

राजवाडा खरं सांगू? निम्मा पडका, निम्म्यात कबुतरं. दरबार हॉलच्या खांबांवर रंग अजून आहेत. मी तिथल्या एकदोघांना मोहिते घराण्याबद्दल विचारलं, बडोद्याची राणी म्हणून सांगितलं. त्यांनी सरफोजींचा पांढरा संगमरवरी पुतळा दाखवला. चांगला आहे. पण मी ज्यांच्यासाठी गेले होते त्यांचं तिथे काहीच दिसलं नाही. माहेरी गेलं आणि दारात कुणी ओळखलं नाही, तसं झालं थोडं.

वाड्याच्याच आवारात कलादालन आहे, कांस्यमूर्तींचं. तिरुवेंगाडूचा शिव बघाच. १०११च्या आसपासचा. केस सापांनी गुंडाळून मुंडाशासारखे बांधलेले, एक पाय दुसऱ्यावर टाकून आरामात उभा, आणि एक हात बाजूला सैल टेकवलेला. कशावर टेकवलाय? नंदीवर. आणि नंदी हरवलाय. हजार वर्षांपूर्वीची ती ऐट तशीच, टेकायला खाली काही नाही. शेजारी पार्वती. मी तिच्याकडे बघत होते. तिला माहीत आहे असं वाटतं.

फाफडाविरोधी | २४ जानेवारी, रात्री १०.१०

सगळे इतिहासात बुडालेत, मूळ प्रश्न राहिला. सांबार तंजावरच्या मराठ्यांनी शोधलं, तिथल्या शहाजीराजांच्या दरबारात, संभाजी महाराज पाहुणे आले म्हणून "संभार". खरं का?

मोडीवाचक | २४ जानेवारी, रात्री १०.२५

दंतकथा. त्या कथेतला आमटीत कोकम संपलं म्हणून चिंच घातली, हा भाग मात्र कोणत्याही मराठी घरात घडू शकतो.

मांजलपूरची_मावशी | २४ जानेवारी, रात्री १०.३२

ह्यांनी पहिल्या दिवशी केळीच्या पानावर सांबार चाखून वाढप्याला खुणेने गूळ मागितला. त्याने साखर आणून दिली. ह्यांनी घातली. समोरच्या पानावरचे गृहस्थ जेवायचे थांबले होते. पुढे लिहीत नाही.

सयाजीगंज_लोकल | २५ जानेवारी, सकाळी ९.००

आमचंही फेब्रुवारीत जायचं चाललंय, दोघंच. बायकोचे गुडघे दुखतात. किती दिवस, आणि आजूबाजूला काय? दिवाळीच्या सुट्टीत स्वस्त पडेल का?

मांजलपूरची_मावशी | २५ जानेवारी, सकाळी ११.२०

दिवाळीत नको. आपला पावसाळा संपला की त्यांचा सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. फेब्रुवारी उत्तम. गुडघ्यांसाठी देऊळ सकाळी लवकर, पायऱ्या फार नाहीत, चालणं मात्र आहे.

तीन दिवस तंजावरला, एक कुंभकोणमला. ते साधारण चाळीस किलोमीटर. त्याच्या अगदी जवळ दारासुरम, ऐरावतेश्वराचं देऊळ. बृहदीश्वरापुढे लहान, पण कोरीव काम इतकं नाजूक की मला तेच जास्त आवडलं. गंगैकोंडचोळपुरमला, चोळांच्या आणखी एका मोठ्या देवळाला, आम्ही गेलो नाही, वेळ उरला नाही. कुंभकोणमची डिग्री कॉफी, म्हणजे तिकडची फिल्टर कॉफी, डबऱ्यातून (पसरट वाटीतून) पेल्यात उंचावरून ओतून प्यायची. ह्यांनी पहिल्यांदा शर्टावर ओतली.

तिरुवैयारू तेरा-चौदा किलोमीटर. कर्नाटक संगीतातले संत त्यागराज, त्यांची समाधी कावेरीकाठी. आराधना, म्हणजे त्यांचा दरवर्षीचा संगीत उत्सव, आधीच होऊन गेली होती, मांडवाचे बांबू उतरवत होते. आम्ही दोघं पायरीवर बसलो. एक बाई एकटीच गुणगुणत होती, समोर कुणी नाही. तासभर बसलो असू. मोबाइल दोघांचेही खिशात होते. तिथे मुगाचा अशोका हलवा मिळतो, पानात बांधून देतात, तूप मनगटापर्यंत येतं.

मावशीचे_हे | २५ जानेवारी, दुपारी १.४५

नमस्कार. नवीन सदस्य आहे, पहिलीच पोस्ट. सौ.ने माझी बरीच बदनामी केली आहे म्हणून खाते उघडले.

१) गूळ मागितला हे खरे. २) सौ. हरवेल म्हणून हात धरला हे खोटे. ३) मी कारखान्यात तीस वर्षे उभारणीचे काम पाहिले आहे. कावेरीच्या गाळाच्या प्रदेशात ग्रॅनाइट मिळत नाही, तो सगळा लांबून आणलेला. दगडावर दगड, चुना नाही. वरचे विमान आतून पोकळ आहे. क्रेन असून आमचे एक धुराडे दोन इंच कलले होते, त्यावरून चौकशी बसली होती. मी त्या देवळाकडे चार दिवस कलते का ते बघत होतो. पतंगाची आठवण आली नाही असे नाही, पण कमी आली.

दांडिया_बाजार | २५ जानेवारी, दुपारी १.५०

काकांचं स्वागत! पुढच्या उत्तरायणला कुठे?

मावशीचे_हे | २५ जानेवारी, दुपारी १.५२

अगाशीवर.

नुपूर७७ | २५ जानेवारी, संध्याकाळी ५.१५

काका जिंकले. मावशी, खरेदी काय केलीत? तंजावरची चित्रं, ती सोन्याच्या वर्खाची?

मांजलपूरची_मावशी | २५ जानेवारी, रात्री ९.०५

चित्रांच्या किमती विचारून परत आले. मान हलवणाऱ्या बाहुल्या घेतल्या, राजा-राणीची जोडी. बूड गोल आणि जड, कितीही आडवं पाडा, डुलत डुलत उभे राहतात. दुकानदाराने राणीला टिचकी मारली, तर ती अशी मान डोलावायला लागली की हे म्हणाले, बांधा, हीच पाहिजे. परतीच्या गाडीत वरच्या बर्थवरून पिशवी पडली. राजा ठीक. राणीची मान सुटली. घरी येऊन ह्यांनी फेविकॉलने बसवली, आणि आता टिचकी मारली की ती होकार द्यायच्या ऐवजी आडवी मान हलवते. नाही, नाही, नाही. टीव्हीवर ठेवली आहे.

कारेलीबागवाला | २५ जानेवारी, रात्री ९.२०

फेविकॉल नको, उन्हाळ्यात सुटेल. एम-सील लावा. दुकानात या, देतो.